शाहू मिलला एकच दार असू दे

प्रति,
मा. पालकमंत्री,
कोल्हापूर जिल्हा.

(प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी आणि मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका)

महोदय,

बंद पडलेल्या शाहू कापड मिलच्या जागेवर राजर्षी शाहू महाराजांचं स्मारक व्हावं, ही मागणी कोल्हापुरात आता कुणी नव्याने करत नाही. ती करून झाली, मान्य होऊन झाली. आराखडे झाले, बैठका झाल्या, मंत्री बदलले, कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले आणि जुने झाले. २०२२ साली महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा कृतज्ञता पर्वाच्या निमित्ताने मिलची दारं लोकांसाठी उघडली. भर गावात सत्तावीस एकर जागा आहे, हे आमच्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पर्व संपलं आणि जागा पुन्हा वाट बघत बसली.

स्मारक करा, हे सांगायला हे पत्र नाही. ते आज ना उद्या होईल असं मी धरून चालतो. कसं करू नये आणि कुणाला विचारून करावं, एवढ्यापुरतंच लिहितो आहे.

माझा अधिकार काय, तेही सांगतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. पोटासाठी आयुष्यभर आरेखकाची नोकरी केली. म्हणजे उतार कागदावर कसा काढतात आणि जागेवर तो कसा होतो, दोन्ही मला ठाऊक आहे. बागा, नाट्यगृहं, स्मारकं यांच्या उद्घाटनाची पत्रिका मला येते. आत जायला मात्र बहुतेक वेळा मागचा रस्ता दाखवतात. जनरेटरच्या खोलीजवळून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून. दाखवणारा माणूस फार अदबीने दाखवतो, त्याची तक्रार नाही. पण पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला मोरीच्या दाराने घरात घ्यायचं, हे कुठल्या रीतीत बसतं?

महाराजांच्या रीतीत तर नक्कीच बसत नाही. सप्टेंबर १९१९ मध्ये त्यांनी काढलेला हुकूम आपल्याला माहीत असेल. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, नदीचे पाणवठे, इथे कुणीही शिवाशिव पाळायची नाही. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायला सांगितल्या आणि त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्या म्हणून बजावलं. वेगळ्या शाळा बऱ्या चालल्या होत्या की वाईट, हा मुद्दाच नव्हता. त्या वेगळ्या होत्या, एवढं बंद करायला पुरेसं होतं. जातीचा अपमान आणि अपंगत्वाची अडचण एका मापाने मोजावी असं मी म्हणणार नाही. एक माणसाने माणसावर जाणूनबुजून लादलेली गोष्ट आहे आणि दुसरी बरेचदा निव्वळ बेफिकिरी. पण मागच्या दाराने आत घेण्यामागचा विचार दोन्हीकडे सारखाच आहे : तुमची सोय केली ना, मग आणखी काय पाहिजे?

म्हणून पहिली मागणी अशी, की शाहू मिलला दार एक असावं. मंत्र्यांची गाडी जिथे थांबेल, फुलांची कमान जिथे लागेल, तिथूनच चाकाची खुर्ची आत जावी, तिथूनच पांढरी काठी, तिथूनच बाबागाडी आणि तिथूनच गुडघे गेलेली आजी. त्यासाठी मुख्य दाराला पायरीच नको. जमीन आधीच त्या बेताने भरून घ्या. आपल्याकडे दोन फुटांचं जोतं उचलायचं, त्याला ऐटदार पायऱ्या करायच्या आणि मग कुणीतरी आठवण करून दिल्यावर कडेला एक रॅम्प चिकटवायचा, अशी पद्धत आहे. नियमातला रॅम्पचा उतार एकास बारा. म्हणजे दोन फूट चढायला किमान चोवीस फूट लांबी लागते. ठेकेदाराकडे जागा असते दहा फूट, मग रॅम्पही दहा फुटांचाच होतो. तो चढायला मागून दोन माणसं ढकलायला लागतात आणि उतरताना देवाचं नाव घ्यावं लागतं. सत्तावीस एकरांत मात्र जागेची सबब चालणार नाही. इथले मुख्य रस्ते एकास वीसच्या उताराने न्या. रस्ता चढतो आहे हे चालणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

दाराबद्दल आणखी एक. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बागेच्या तोंडाशी लोखंडी पाइपांचा नागमोडी पिंजरा बसवायची टूम निघाली आहे. मोटारसायकलवाला तिथूनही गाडी तिरकी करून आत घालतोच. अडतो तो खुर्चीवाला. मोटारसायकल अडवायला पगारी पहारेकरी ठेवा. पाइपांपेक्षा तो महाग पडेल, हे मान्य आहे.

आता आत काय असावं, ते. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण महाराष्ट्रात स्मारक म्हटलं की काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उंच पुतळा, त्याभोवती ग्रॅनाइट, रंगीत कारंजं, संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा खेळ, फूड कोर्ट आणि सेल्फी पॉइंट. ग्रॅनाइटबद्दल एवढंच सांगतो, की कोल्हापूरचा पाऊस जूनपासून सुरू होतो आणि ओल्या गुळगुळीत दगडावर कुबडीचं रबर धरत नाही. महाराजांचा पुतळा दसरा चौकात आहे. त्याच्या आजूबाजूला त्यांनी उभी केलेली बोर्डिंगं आहेत आणि तिथे तो शोभतो. मिलमध्ये त्याहून उंच पुतळा उभारून त्यांच्या कर्तृत्वात इंचाचीही भर पडणार नाही.

मिलमध्ये मिल दाखवा. २७ सप्टेंबर १९०६ रोजी तिची पायाभरणी झाली. संस्थानात नुसती शेती असून भागणार नाही, गावात कामधंदा पाहिजे, कापड इथेच निघालं पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. २००३ मध्ये ती बंद पडली. जवळजवळ शंभर वर्षं इथे पाळ्या चालल्या, भोंगा झाला की घराघरांत डबे भरले गेले. त्या पाळ्यांत राबलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यातली बरीच आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्या मांड्या भरून येतात, त्यांना दिसायला कमी झालंय, यंत्रांच्या खडखडाटात वर्षं काढल्याने कित्येकांना ऐकूही नीट येत नाही. या स्मारकाचा पहिला पाहुणा तो कामगार असणार असेल, तर सोयीसुविधांचा प्रश्न ‘दिव्यांगांसाठी काहीतरी’ असा वेगळ्या फायलीत जायचं कारण नाही. ज्याने इथे साचे चालवले त्याला आपलं खातं पुन्हा बघायला जिना चढावा लागू नये, टेकायला पाठ आणि हात असलेलं बाक तीस-चाळीस पावलांवर मिळावं, लघवीला लांब जावं लागू नये. हे झालं की माझंही काम झालं. आणि त्या लोकांचे आवाज आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवा. आराखडा मंजूर व्हायची वाट बघत बसाल तर यंत्रं उरतील आणि ती चालवणारे नसतील.

उरलेल्या मिलमधला एखादा साचा, चात्या, सुताच्या कांड्या हात लावून बघता याव्यात. काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू डोळस माणसालाही पाच मिनिटांत कंटाळवाणी होते, आंधळ्या माणसाला तर ती नसल्यासारखीच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून ‘अनुभव’ नावाचं दालन आहे. तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हाताने चाचपून बघता येतात, शेजारी ब्रेलमध्ये माहिती असते. आपल्याकडे तर प्रतिकृतींचीही फारशी गरज पडणार नाही, कारण कोल्हापूरचा इतिहास मुळातच हाताने, नाकाने आणि कानाने कळणारा आहे.

तालमीतली तांबडी माती घ्या. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती मुठीत धरली की कुस्ती म्हणजे काय हे फलक वाचल्यापेक्षा लवकर कळतं. एक छोटा हौदा मिलमध्ये करा, कठड्याच्या उंचीवर, म्हणजे खुर्चीत बसलेल्याचाही हात मातीला पोचेल. महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं. त्या मैदानाची खुबी अशी, की मधला आखाडा आणि चढत गेलेली बैठक असल्यामुळे कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही आणि कुस्ती दिसते. शेवटच्या रांगेतल्या फुकट्या प्रेक्षकालाही पहिल्या रांगेइतकंच दिसलं पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी या गावात बांधकामात उतरला होता. मिलमधल्या खुल्या रंगमंचाची बैठक करताना आपल्या वास्तुविशारदाला परदेशातली चित्रं दाखवू नका, खासबागेत नेऊन बसवा. त्यात खुर्च्यांसाठी सपाट जागा प्रत्येक टप्प्यावर सोडा. सगळ्या खुर्च्या एका कोपऱ्यात नकोत, आम्हालाही मित्र असतात आणि त्यांच्याशेजारी बसून ओरडायचं असतं.

चप्पल घ्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच दिसलं नाही, तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळणं ठीक होतं. पण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या कातडं कमावलं त्यांना आपण गावात कुठे बसवलं, हा प्रश्न मिलानला विचारता येत नाही, तो शाहू मिलमध्येच मांडावा लागेल. तिथे कारागिराला कायमची बैठक द्या. चामड्याचा वास, हत्याराचा ठोका, नव्या चपलेची कुरकुर, यासाठी डोळे लागत नाहीत.

आणि गाणं. महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली. गोव्याच्या केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या, आणि १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंचा आवाज आहे. खाँसाहेबांच्या बाबतीत असं सांगतात, की उमेदीत अति गाण्याने त्यांचा आवाज बिघडला, बराच काळ गाणं बंद पडलं आणि नंतर जो गळा उरला त्याच्यासाठी त्यांनी नव्याने गायकी बसवली. जिच्यापुढे रसिक आजही माना डोलावतात ती वळणं एका अडचणीतून निघाली. हे मला फार जवळचं वाटतं आणि मिलच्या एखाद्या दगडी शेडमध्ये, अंधारात, नुसतं ऐकण्यासाठी एक खोली असावी असं वाटतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्याच खोलीत लाकडी बैठक ठेवावी, ध्वनिक्षेपकांवर बसवलेली, म्हणजे तबल्याचा ठेका तळहाताला आणि पाठीला कळेल. यात काही जादू नाही, सुतारकाम आहे.

बाबुराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतः बनवलेला कॅमेरा, १९२० चा त्यांचा ‘सैरंध्री’ चित्रपट, १९२९ मध्ये इथेच स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी, हे सगळं येईलच. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा इमारतीबरोबर काय काय जातं हे गावाला कळलं. म्हणून मिलमधल्या जुन्या लाकूडकामाला विजेची नवी वायरिंग करताना काटकसर नको, आणि आग लागली तर खुर्चीवरच्या माणसाने बाहेर कसं पडायचं हे आराखड्यात आधी दाखवा. बहुतेक आराखड्यांत आम्ही आत कसे येणार याचाच विचार असतो.

चहाचं सांगायचं राहिलं, आणि माझ्या दृष्टीने स्मारकातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घालायला मदत केली, स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेतला आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजला. हा प्रसंग स्मारकात नक्की येईल, ब्राँझमध्ये येईल, राजा घोडागाडीत आणि गंगाराम खाली उभे. कृपा करून तसं करू नका. त्या जागी खरं चहाचं दुकान काढा. गंगारामांच्या नावाचं, रोज चालणारं, रास्त दराचं. त्याचा कट्टा अडीच फुटांच्या उंचीवर ठेवा आणि खाली गुडघे जातील एवढी पोकळी सोडा, म्हणजे खुर्चीतला माणूस गिऱ्हाईक म्हणून कट्ट्याशी येईल, लांबून हात वर करून ‘एक कटिंग द्या’ म्हणायची पाळी त्याच्यावर येणार नाही. ते चालवायला अपंगांच्या बचत गटाला द्या. कोणी कुणाच्या हातचा चहा घ्यावा, हा प्रश्न या गावात एकदा सुटला आहे.

अशा कामात सल्ला द्यायला परगावचे तज्ज्ञ आणायची गरज नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच शहरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली. स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी किती पोरांना शाळेत आणि कामाला लावलं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. या गावाचा सांस्कृतिक इतिहास सांगताना तो खासबागेवर आणि पांढऱ्या-तांबड्या रश्श्यावर थांबू नये, अपंगांनी इथे जे उभं केलं तेही त्याच इतिहासाचं एक पान आहे. अशा माणसांना आराखडा समितीत घ्या. निविदा निघण्याआधी घ्या, रिबन कापताना नव्हे. आणि एका अपंगावर सगळ्यांचं काम भागवू नका. मला जो हातात धरायचा कठडा लागतो, तोच आंधळ्याच्या वाटेत आडवा येऊ शकतो. मतिमंद मुलांच्या आयांना विचाराल तर त्या पहिल्यांदा शांत कोपरा मागतील, जिथे ध्वनिक्षेपक नसेल. मूकबधिर मंडळी सांगतील की माहितीचा व्हिडिओ नुसत्या मराठी अक्षरांचा नको, खुणांच्या भाषेचा पाहिजे. या मागण्या एकमेकींशी भांडतील. त्या भांडणात एकेक पुरी संध्याकाळ घालवावी लागेल. ती बैठकीत घालवली तर स्वस्तात पडते.

कायद्याचा बडगा दाखवायची माझी इच्छा नव्हती, पण तो आहे हे नोंदवून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून सोडून चालणार नाही, सक्तीचे नियम करावे लागतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंगांची नोंद झाली. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे प्रकार थोडे होते, आता एकवीस आहेत. आम्ही कमी आहोत म्हणून दिसत नाही, हा गैरसमज आहे. घराबाहेर पडून बसायला जागा नाही म्हणून दिसत नाही.

खरी मेख बांधून झाल्यावर आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये खुर्चीसाठी पाण्यापर्यंत लाकडी वाट केली आणि दोनच आठवड्यांत चक्रीवादळाने तिची नासधूस केली. त्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा सुरू केली, हे मला वाटेपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे वादळाची गरज पडत नाही. अपंगांच्या शौचालयात झाडू, बादल्या आणि जुने फ्लेक्स ठेवायला सुरुवात झाली की ते वर्षात बंद पडतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं. आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरश्या विजेच्या खांबात जाऊन संपलेल्या मी पाहिल्या आहेत. ठेकेदाराने नकाशाप्रमाणे टाकल्या, खांब दुसऱ्या खात्याचा होता.

१९१९ च्या त्या हुकुमात महाराजांनी या दुखण्यावरचा इलाजही लिहून ठेवला आहे. शिवाशिव झाली तर गावकामगार पाटील आणि तलाठी यांना जबाबदार धरलं जाईल, असं त्यात होतं. नुसता हुकूम काढून काही होत नाही, कुणाच्या तरी नोकरीला तो बांधावा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाहू मिलच्या स्मारकालाही असा एक जबाबदार अधिकारी नेमा. त्याचं नाव आणि फोन नंबर दारावर लावा, ब्रेलमध्येसुद्धा. लिफ्ट बंद पडली, शौचालयाला कुलूप लागलं, बाकाची फळी निघाली, की जबाब त्याने द्यायचा. देखभालीचे पैसे बांधकामाच्या रकमेतच वेगळे काढून ठेवा, दरवर्षी महापालिकेच्या सभेत मागायची पाळी येऊ नये. आणि पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी आमच्यापैकी काहींना आत सोडा, सोबत एकही साहेब न देता.

२६ जून हा महाराजांचा जन्मदिवस आपलं सरकार सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. येत्या २६ जूनला भाषणांऐवजी शाहू मिलचा आराखडा दसरा चौकात लावावा, एक प्रत हाताने चाचपता येईल अशी उठावाची करावी आणि सूचना-हरकतींसाठी निदान एक महिना द्यावा, ही विनंती. पहिल्या दिवशी येऊन मुख्य दाराची पातळी मी स्वतः मोजणार आहे. तिथे पायरी दिसली तर पहिली हरकत माझी असेल.

आपला,
एक कोल्हापूरकर